घोड्यापुढचं प्यादं

या मायबाप, जवळ सरकून बसा. कीर्तन उभं राहायला अजून वेळ आहे, तोवर एक गोष्ट ऐका. वडवणीचे आमचे टाळकरी बद्रीनाथ यांना लकवा मारला. महिना झाला तरी तोंडून शब्द फुटेना, माणूस ओळखल्याची खूण दिसेना. एके दुपारी त्यांचा दोस्त जावेद मिस्त्री बुद्धिबळाचा पट घेऊन आला. वर्षभर बद्रीनाथ त्याला एकच सुरुवात शिकवत होते: पांढरं आपलं असलं, की मधल्या गर्दीत शिरायचं नाही, कडेजवळचं घोड्यापुढचं प्यादं दोन घरं सारायचं. जावेदनं पांढरं घेतलं आणि राजापुढचं प्यादं सरकवलं. बद्रीनाथांचा डावा हात पुढं आला. त्यांनी प्यादं माघारी ठेवलं.

“कडेनं, बे जावेद,” ते अडखळत बोलले. “किती येळा सांगू?”

महिनाभर दाबलेलं रडू बद्रीनाथांच्या बायको बायनाबाईंना हसता हसता आलं. जावेदला दारापर्यंत सोडताना त्या म्हणाल्या, “भाऊ, इतकं शिकवूनबी चुकलाव का?”

“चाल कवाच पाठ हाय, वैनी. पण मी चुकलो, की त्याला गप बसवत न्हाई.”

मायबाप, आज आरतीला हात जोडाल, तेव्हा आमच्या जावेदचीही आठवण असू द्या.