घासलेली वाळू

नेलिदाने दार लावून घेतलं. ओट्यावर दोन पेले होते. एकात प्रयोगशाळेतून आणलेलं शुद्ध पाणी, दुसऱ्यात आईच्या पिंपातलं गाळलेलं. दोन्ही सारखीच नितळ.

तिने लेझरचं बटण दाबलं. पहिल्या पेल्यातून उजेड नुसताच आरपार गेला. दुसऱ्यात मात्र या कडेपासून त्या कडेपर्यंत लाल रेघ उमटली.

"अगंबाई, किती छान!" तिची म्हातारी आई सातुर्निना म्हणाली. "हेच शिकवतात होय विद्यापीठात?"

पिंप नेलिदानेच बसवलं होतं, आठ महिन्यांपूर्वी. गावच्या विहिरींत आर्सेनिक उतरलेलं. ते धरून ठेवायला तिने पिंपातल्या वाळूवर लोखंडाच्या गंजाचा लेप चढवला होता, डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक कणांचा. बहीण कामाला चिली देशात, तिची मुलगी लिसेत इथे आजीजवळ. दोन वर्षांची पोर हेच पाणी पीत होती.

"आई, वाळूला हात लावलास?"

"हात? दर शनिवारी घासते! राख घेऊन, चांगली खसाखसा. कसली तांबडी होती ती, शी! लेकीने दिलेली वस्तू, घाण ठेवीन होय मी?"

नेलिदाने झाकण उचललं. वाळू पांढरीशुभ्र झाली होती.

"तो तांबडेपणाच विष धरत होता, आई. आता विषही पाण्यात, आणि लेपाचे कणही."

"काहीतरीच. पाणी तर स्वच्छ दिसतंय."

"रेघ बघितलीस ना आत्ता? ते कणच चमकत होते."

सातुर्निनाने पुन्हा पेल्याकडे पाहिलं. नेलिदाला वाटलं आपल्याला रडू येईल, पण आलं नाही. आत सगळं बधिर होतं. वाळू घासायची नाही, हे तिने दहा गावांत बजावलं होतं. घरीच तेवढं सांगायचं राहिलं. आईला वेगळं काय सांगायचं, असं तिला वाटलं असेल.

म्हातारीने दुसरा पेला उचलला आणि दार उघडून उंबऱ्यावर आली. पहिला घोट पाचामामेचा, धरणीमायचा. तो जमिनीवर सांडायला तिने सवयीने हात वाकवला आणि तसाच धरून ठेवला.

"असलं तिला कसं पाजू?" ती म्हणाली.

अंगणातून लिसेत आपला पत्र्याचा कप घेऊन पुढे आली. धरणीमायनंतर रोज तिचाच नंबर असायचा.