मासे आहेत तोवर

नळाखाली भरलेली बादली तिने तशीच टाकीत ओतली. पाणी रात्रभर ठेवून मुरवलं नाही, कोमट केलं नाही, काही नाही. पाचही एंजल मासे दचकून कोपऱ्यात गोळा झाले. एक आडवा झाला, सावरला, पुन्हा कलंडला. तिने रिकामी बादली मोरीत पालथी घातली आणि चप्पल चढवली. प्रयोगशाळेत पोचायला उशीर होत होता.

"डबा घेतलास का गं?" सासूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"घेतला, आई."

मासे नवऱ्याचे होते. दुकानातल्या टाक्यांत पैदास झालेले, पडेल ते खाऊन जगणारे एंजल वेगळे आणि हे वेगळे. हे थेट नदीतून पकडून आणलेले होते. वीतभर उंच, चंदेरी, अंगावर काळे पट्टे. त्यांना मऊ पाणी लागे, सुकी पानं भिजवून चहासारखं केलेलं. ऊब लागे. दार आपटलं तरी बिचारे दोन दिवस अन्नाला तोंड लावत नसत. नवरा वर्षानुवर्षं त्यांच्यासाठी झुरला. शेवटी ते घरी आले आणि त्याच आठवड्यात त्याला दवाखान्यात हलवावं लागलं. तिथून तो परतला नाही. जाताना तिचा हात धरून म्हणाला, "मासे सांभाळ. ते आहेत तोवर आईला सोडून जाऊ नकोस." खाटेभोवती सगळे नातलग उभे होते. ती हो म्हणाली.

"दिला शब्द तर दिला," नंतर तिच्या वडिलांनी समजूत घातली. "मासे काय जन्माला पुरणार आहेत?" ज्याच्याकडून मासे आणले त्या मासेवाल्यानेही सांगितलं होतं, की नदीतला जीव नवख्या हाताखाली वर्ष काढत नाही.

त्यांनी वर्ष काढलं. दुसरंही काढलं. तिने त्यांचं सगळं मन लावून केलं, आणि ते जगतात याचं तिला बरंही वाटायचं. मग प्रयोगशाळेत तिच्यासमोर बसून रक्ताचे नमुने तपासणाऱ्या सहकाऱ्याने तिला लग्नाचं विचारलं. त्याची दुसऱ्या गावी बदली होणार होती.

"थांबेन मी," तो म्हणाला. "पण किती?"

"घरात मासे आहेत तोवर."

आधी तो हसला. मग ती हसत नाही हे त्याने पाहिलं.

त्या आठवड्यात तिने पहिल्यांदा टाकीचा हीटर बंद केला. संध्याकाळी घरी आली तर पाचही मासे मजेत फिरत होते. मग तिने नळाचं पाणी घातलं. मासे जगले. कपडे धुवायच्या पावडरची चिमूट टाकली. तरी जगले. सकाळी एकाची शेपटी फाटलेली तिने डोळ्यांनी पाहिली होती. संध्याकाळी ती अखंड होती. तिच्या अंगावर काटा आला. मासे चिवट नव्हते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. चिवट तिचा गेलेला नवरा होता. काचेला कपाळ टेकून ती पुटपुटली, "सोड ना रे मला." आतून एक मासा तिच्याकडे बघत तोंडाची उघडझाप करत राहिला.

आणि रोज रात्री ताट वाढताना सासूबाई म्हणायच्या, "गुणाची गं माझी पोर. दुसरीच्या हातात चार दिवस टिकले नसते."

बादली ओतली त्या दिवशी दुपारी सहकाऱ्याने सगळ्यांना आपलं लग्न ठरल्याचं सांगितलं. मुलगी बदलीच्या गावातलीच होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनेही वाजवल्या. मग डोकं दुखतंय म्हणून ती अर्ध्या दिवसाची रजा घेऊन निघाली.

तिने आपल्या किल्लीने दार उघडलं. सासूबाई बाह्या वर सारून टाकीपुढे स्टुलावर बसल्या होत्या. पाण्यावर प्लास्टिकची फुगलेली पिशवी तरंगत होती. पिशवीत एक एंजल होता. खाली वर्तमानपत्रावर तीन मेलेले मासे पडले होते, रंग उडालेले, कागदाला चिकटलेले.

सासूबाई दचकल्या नाहीत. "पिशवी थोडा वेळ अशीच ठेवावी लागते," त्या म्हणाल्या. "नव्या पाण्याची सवय व्हावी लागते त्यांना."

"आई, हे कधीपासून?"

"त्याचे मासे त्याच्या मागोमागच गेले. आठवडाही काढला नाही. तेव्हा तुझं कुठे लक्ष होतं? मासेवाला मागवतो माझ्यासाठी. त्याच्या दुकानातल्या टाकीत ठेवतो थोडे."

ती भिंतीला टेकली. हळूहळू खाली बसली. "म्हणजे माझा शब्द..."

"तो तेव्हाच फिटला."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

सासूबाईंनी पिशवीचं रबर सोडलं. मासा अलगद पाण्यात उतरला. थोडा बावरला आणि बाकीच्यांत जाऊन उभा राहिला.

"आई, मासे आपोआप मरत नव्हते." आता तिला हुंदका आवरेना. "मी..."

"ठाऊक आहे मला. पहिल्या दिवसापासून."

टाकीतला पंप बुडबुडत होता. मग तिने डोळे पुसले.

"मी जाते, आई. आजच जाते."

"कुठे?"

सासूबाईंनी मेलेले मासे कागदात गुंडाळले, हात धुतले आणि तिच्या केसांवरून मायेने ओला हात फिरवला.

"रडू नकोस, पोरी. तू मारत जा. मी आणत जाईन."