रायवळाची फांदी

"म्हणजे रायवळाची फांदी हापूसच्या झाडार बांधली, तर जगतली?" इनासने परत तेच विचारलं.

"जगतली मरे! पण असलो खुळेपणा करतलो कोण?" गुरुदास कलमाची पट्टी आवळत म्हणाला. "रायवळाच्या रोपार हापूसची काडी बांधतत. उलटां कोणच बांधीत नाय."

"पुस्तकात उलटांच लिवलेला आसा," इनास म्हणाला.

साठी ओलांडलेला इनास मुंबईचा निवृत्त मास्तर. बायबल मालवणीत आणतोय म्हणे. मूळ ग्रीकमध्ये एक शब्द आहे. त्याचा अर्थ बागेत जोपासलेलं, चांगल्या जातीचं ऑलिव्हचं झाड. त्याच्यावर रानटी, म्हणजे आपल्या रायवळासारख्या, झाडाची फांदी बांधतात आणि ती त्याच्या मुळांवर पोसते. तारकर्लीत ऑलिव्ह कोणी पाहिलाय? म्हणून त्याला तिथे हापूस घालायचा होता आणि त्यासाठी कलमं बांधणारा माणूस हवा होता.

पहिल्या दिवशी गुरुदासला हे पटलं. पण आज तिसरा दिवस. एका शब्दासाठी तीन दिवस? आणि प्रश्न तरी कसले! घरात कोण कोण, आणि आईबद्दल तर सारखंच: आवस बरी आसा मां, ती भायर कशी येणा नाय. काल लेक श्रियाने चहा आणला तर तिलाही वय विचारलं.

"चौदा," ती म्हणाली, आणि गुरुदासला घाम फुटला.

श्रियाला त्याने आणि बायको शुभदाने दीड वर्षाची असताना संस्थेतून दत्तक आणलं होतं. तिला ते ठाऊक होतं, गावालाही ठाऊक होतं. तरी कधीतरी तिचं रक्ताचं माणूस दारात उभं राहील, ही भीती त्याच्या पोटातून जात नव्हती. पोरीवर त्याचा जीव होता. त्यात आज इनासने कलमाचा म्हणून फोटो काढला, तेव्हा ती नेमकी मागेच उभी.

तो तडक स्वयंपाकघरात गेला. "शुभदा, चेडवाक मामाकडे शिरोड्याक धाड. आत्ताच्या आत्ता."

"काय तरीच तुमचा! साधो मास्तर तो."

"मास्तर कसलो? लबाड आसा. ग्रीकाचो नुसतो बहाणो."

बाहेर येऊन तो इनाससमोर ठाकला.

"मास्तरांनू, आता सरळ बोला. तुमी चेडवासाठी इलास ना? कोर्टाचे कागद आसत माझ्याकडे. जीव गेलो तरी मी तिका देवचंय नाय!"

इनास गोंधळला. "खंयच्या चेडवासाठी?"

"सोंगा नको करू!" गुरुदास ओरडला. तोल जाऊन तो एकेरीवर आला होता.

तेवढ्यात माजघराचं दार उघडलं. गुडघे दुखतात म्हणून तीन दिवस आत पडून राहिलेली त्याची आई हौसाबाई भिंत धरत बाहेर आली. तिने इनासकडे पाहिलं आणि मटकन खाली बसली.

"कित्याक बोंबलतंस, गुरू? श्रियेचो काय संबंध नाय," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "तो तुका बघूक इलो. तुझी खरी आवस बाळंतपणात गेली, तेव्हा ह्या तुझ्या भावानच तुका माझ्या ओटीत हाडून घातल्यान."