डिझेलचा उजेड

दिवेलागणीला दूर समुद्रावर निळी रेघ उजळली, तसे कोळीवाड्याचे पाटील धक्क्यावरून ओरडले, "कोणी तेल सांडलं रे? दंडच करतो त्याला!"

तेल खाणारे जिवाणू समुद्रात सोडल्यापासून थेंबभर गळतीही लपत नसे. डिझेल म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्या. जिवाणू त्यांची कडी न् कडी तोडत आणि तोडताना काजव्यांसारखे चमकत.

चांगुणा मात्र त्या रेघेकडे टक लावून बघत होती. तिचा नवरा हिराजी कालपासून परतला नव्हता आणि त्याला शोधायला गेलेल्या होड्या हात हलवत आल्या होत्या.

"पाटील, हे सांडलेलं नाही, ओतलेलं आहे," ती म्हणाली. "रेघ बघा कशी सलग आहे! इंजिन बंद पडून होडी वाहत चाललीय. आमचा माणूस बोलावतोय आपल्याला!"

धाकट्या दिरानं, पदाजीनं होडी लोटली. "वैनी, चढ लवकर! टोक विझायला लागलं बघ."

तेल खाऊन संपलं की उजेडही संपणार होता. होडी पुढे जात होती आणि मागे पाणी काळं, स्वच्छ होत होतं.

रेघेच्या शेवटी हिराजी होडीत उभा होता. भोवतीचं पाणी निळं सळसळत होतं.

"शेवटचा डबा ओतला," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "बघ गं, केवढी पंगत बसलीय माझ्याभोवती!"

चांगुणा काही बोलणार तोच उजेड विझला. अंधारात तिनं हात पुढे केला, तो त्यानं घट्ट धरला.