नजरेबरोबर सरकणारं पान

"ताई, धावत ये!" मी ओरडलो.

बाजारात येण्याआधी ऑपरेटिंग सिस्टिम तपासून बघायची, हेच माझं काम. पण या खेपेला ती बनवणाऱ्यांनी कमालच केली होती! माउसला हात न लावता, आपण वाचत जाऊ तसं पान वर सरकायचं. नजर हटली, की जागच्या जागी थांबायचं.

ताईने वाचून पाहिलं. "अगंबाई, हे तर मनातलं ओळखतं की!"

"आता समोर कुणी नसताना काय करतं, ते बघू."

आम्ही दोघं दारापाशी जाऊन उभे राहिलो. खुर्ची रिकामी होती.

पान सरकू लागलं. सावकाश, ओळीओळीने.

"बग सापडला! सिस्टिम चुकली!" मी आनंदाने टाळी वाजवली.

पान थांबलं.

ताईने माझा दंड घट्ट धरला. "अरे, मग जे वाचत होतं, ते आता कुठे बघतंय?"