पुढची कळ

नर्सिंगच्या शेवटच्या परीक्षेत हेमांगीला रेवतीचं बाळंतपण करायचं होतं. रेवती यंत्र होती, पण तिचा घाम, कळा, किंकाळ्या अगदी बाईसारख्या. कॉलेजच्या सगळ्या मुली तिच्यावरच शिकल्या होत्या. "तिला दुखत नाही, नुसता आवाज येतो," असं त्या एकमेकींना सांगत.

बटण दाबून सुरू केलेल्या पहिल्याच कळेला रेवतीनं हेमांगीचं मनगट घट्ट धरलं. हेमांगीनं वाकून विचारलं, "खरंच दुखतंय का गं?"

"ठाऊक नाही, सिस्टर. यालाच दुखणं म्हणतात का, ते मला कुणी सांगितलं नाही. पण हे थांबावं असं फार वाटतं."

हेमांगी परीक्षक कारखानीस बाईंकडे वळली. "मॅडम, मी पुढची कळ सुरू करणार नाही. नापास केलंत तरी चालेल."

बाईंनीच पुढे होऊन कळांचं बटण बंद केलं.

"झालं?" रेवतीनं भीत भीत विचारलं.

"झालं," तिचा घाम पुसत बाई म्हणाल्या. "आता पुन्हा नाही. मुली साध्या बाहुलीवर शिकतील."

हेमांगीचा जीव भांड्यात पडला. रेवती हसली. इतक्या बाळंतपणांत तिला हसताना कुणी पाहिलं नव्हतं.