आईच्या फोटोचा रंग

भंडारदऱ्याच्या सहलीत आई पाय घसरून धरणात पडली आणि बुडाली, असं जयाचे वडील, दादा, तिला लहानपणापासून सांगत आले होते. आई बुडाली त्याच दिवशी सकाळी मामानं आई-दादांची काढलेली फिल्मची स्लाइड घेऊन जया आज श्रीगोंद्यात फैयाजच्या फोटो स्टुडिओत आली. दादाही सोबत होते. जुनी स्लाइड पार लाल पडली होती. फैयाजनं ती स्कॅन केली आणि दादांचा सदरा पांढरा दिसेपर्यंत लाल रंग उतरवत नेला. आईची साडी हिरवी झाली, आणि तिच्या गळ्यावर बोटांचे काळेनिळे वळ दिसू लागले.

"लालच ऱ्हाऊ द्यायचा हुता!" दादांनी स्टूल उचलून स्क्रीनवर घातलं. काचा उडाल्या.



जया म्हणाली, "मोबाईलवर स्क्रीनचा फोटो काढून घेतलाय मी, दादा. चला, पोलीस स्टेशनला."